पाचवं काडतूस

चाप ओढूनही गोळी सुटली नाही की मामा मोठ्याने आकडे मोजायला लागायचे. एक, दोन, तीन असं करत साठपर्यंत. तोवर रेंजवर कुणी हलायचं नाही. रायफलची नळी समोरच्या मातीच्या बांधाकडेच ठेवायची, गाल उचलायचा नाही, काडतूस आत कोंडून ठेवणाऱ्या बोल्टला हात लावायचा नाही. आतलं काडतूस मेलंय की नुसतं थांबलंय हे बाहेरून कळत नाही, म्हणून हा नियम. देवासहून बागलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, सोयाबीन काढून उघड्या पडलेल्या काळ्या शेतांमध्ये ती रेंज आहे. भर दुपारच्या उन्हात, दूर कुठेतरी थ्रेशर चालू असताना, तिथे ते आकडे ऐकले की माझ्या मानेवर काटा यायचा. साठ झाले की मामा म्हणत, "उघड." माझी मामेबहीण बोल्ट मागे ओढायची आणि न फुटलेलं काडतूस गोणपाटावर पडायचं. त्याच्या बुडावर रायफलच्या पिनेचा खळगा स्वच्छ दिसायचा. ठोका बसला होता, तरी ते गप्प राहिलं होतं.

मी तिथे जाऊ नये असं आमच्या घराचं मत होतं. घर म्हणजे मी आणि बाबा. धारला आमच्या बैठकीतल्या दिवाणाखाली चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असतात: पाणी, मजुरी, दंगली, विस्थापन, शस्त्रं. शाळा हिंदी होती. मराठी वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकले. कुणी घ्यायचं नाकारलं तर ते पत्रक दाराच्या फटीतून आत सरकवायचं, आणि जे दिसतं ते त्याच दिवशी बोलायचं, अशी आमची रीत. मामांचं घराणं याच्या अगदी उलट. त्यांचे पूर्वज सरकारच्या सिलेखान्यात हत्यारं सांभाळायचे, ते स्वतः पलटणीत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, होते, आणि निवृत्तीनंतर या रेंजच्या क्लबला वापरलेली काडतुसं पुन्हा भरण्याची जी परवानगी आहे, ते काम बघत होते. आई गेल्यापासून आमचा त्यांच्याशी संबंध दसऱ्यापुरता उरला होता.

या वर्षी त्यांनी मला फोन केला. "आक्का, जरा जास्त दिवस या. डोळे धड नाहीत, बारीक अक्षर वाचता येत नाही. पोरीची चाचणी आहे."

मोठ्या बोअरच्या, म्हणजे जाड गोळीच्या, रायफलची निवड चाचणी दिवाळीच्या आधी होती. मामेबहीण वीस वर्षांची, चार वर्षं सराव करत होती. घरात ठरलेलं होतं की निवड झाली तर शिबिराला जायचं. नाही झाली तर क्लबची रायफल परत करून बी.एड.चा फॉर्म भरायचा. मामीची आई शिक्षिका, बहीण शिक्षिका, त्यामुळे त्या घरात बी.एड. म्हणजे शिक्षा नव्हती. पण मामेबहिणीने त्या फॉर्मकडे बघितलंही नव्हतं. मी बंदुकीच्या विरोधात आहे, तिच्या विरोधात नाही, असं बाबांना सांगून मी देवासची बस धरली.

भरायची खोली रेंजच्या मागे होती. दोन कुलुपं, एक खिडकी, आणि मधल्या टेबलावर स्क्रूंनी आवळलेली प्रेस. तिच्या मध्यभागी पोलादी चकती, चकतीला पाच घरं. घरात रिकामी पितळी खोळ बसवायची, दांडा ओढायचा. प्रत्येक ओढीला चकती एक घर पुढे सरकते आणि एकाच वेळी पाच ठिकाणी पाच कामं होतात. त्यातलं एक काम टोपी बसवण्याचं. टोपी म्हणजे बुडाच्या मधोमध असते ती बारीक वाटी, हल्लीची पोरं तिला प्रायमर म्हणतात. पिनेचा मार खाऊन पेट घेते ती हीच.

"ही पितळेच्या पातळीखाली केसभर गेली पाहिजे," मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "वर राहिली तर पिनेचा अर्धा जोर तिला खाली ढकलण्यात जातो. उरलेल्या जोरात ती कधी पेटते, कधी नाही. कधी उशिरा पेटते. ते सगळ्यात वाईट."

"उशिरा म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही समजता संपलं, आणि संपलेलं नसतं."

भरलेलं प्रत्येक काडतूस ते उजव्या अंगठ्याखालून काढायचे. बुडावरून अंगठा एकदा फिरवला की ते डब्यात. डब्यात दहा-दहाच्या रांगा, निघतील त्याच क्रमाने. त्यांच्या या अंगठ्याबद्दल क्लबात सगळ्यांना आदर होता. उदयनगरच्या जंगलातून आलेला रेंजचा रखवालदार म्हणायचा, "साहब का अँगूठा नहीं है भिया, मीटर है."

खंडेनवमीला त्या प्रेसची पूजा झाली. मला फूल वाहायला सांगितलं तेव्हा मी म्हणाले की ज्या यंत्रातून गोळ्या निघतात त्याला मी फूल वाहणार नाही, आणि अंगणात जाऊन उभी राहिले. मामीचं दुःख वेगळंच होतं. त्या खोलीत ज्योत न्यायला मामांची सक्त मनाई, त्यामुळे निरांजन नाही, उदबत्ती नाही, आरती नाही. "दिवा नाही तर नाही, कुंकू तरी मनासारखं लावू द्या," ती म्हणाली. ओलं हळदकुंकू, अक्षता, झेंडू. दांड्याला बोटं ओढली, आणि चकतीच्या पाच घरांना पाच सवाष्णींसारखं एकेक ठसठशीत बोट लावलं. हे मी अंगणातून खिडकीत बघितलं. मग दसऱ्याच्या दुपारपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, अशी त्या घराची जुनी चाल. आणि हत्यारावरचं कुंकू कधी पुसायचं नाही, आपोआप जाईल तेव्हा जाऊ द्यायचं. मामा ज्या यंत्रावर धुळीचा कण सहन करायचे नाहीत, त्यावरचं कुंकू त्यांनी तसंच ठेवलं. फुलं काढली, अक्षता फुंकून उडवल्या आणि दांडा ओढायला सुरुवात केली.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी ती शांतता सुरू झाली.

पहिल्या दिवशी दोन काडतुसं, दुसऱ्या दिवशी तीन. मामेबहीण डब्यातून हाताला येईल ते काडतूस उचलायची, त्यामुळे कशात काही क्रम दिसत नव्हता. न फुटलेलं काडतूस परत ठेवायचं काम माझं होतं. मी ते ज्या घरातून निघालं त्याच घरात ठेवायची. पत्रकांचे गठ्ठे लावण्याची सवय, दुसरं काही नाही. संध्याकाळी डबा उघडला तर सगळी घरं रिकामी आणि मेलेली काडतुसं फक्त दोन उभ्या ओळींत, पाचव्या आणि दहाव्या. एकही बाहेर नाही. कुणीतरी रांगेत उभं केल्यासारखी, बुडं वर करून, प्रत्येकावर एक डोळ्यासारखा खळगा.

रखवालदाराने ते बघितलं आणि दोन पावलं मागे सरकला. "दीदी, पाँच-पाँच पे कोई बैठा है. मैंने तो पेले ही बोला था, पूजा में से कोई उठ के नहीं जाता."

मामीपर्यंत हे पोचलं. रात्री पोळी वाढताना ती शांतपणे म्हणाली, "मी कुणाला दोष देत नाही. पण घरच्या भाचीने पाठ फिरवली की हत्यार लक्षात ठेवतं."

"मामीसाहेब, लोखंडाला डोकं नसतं," मी म्हणाले.

"असं? मग तुम्हीच सांगा, पाचवंच का?"

मी तो डबा मामांना दाखवला होता. त्यांनी बराच वेळ त्या दोन ओळी बघितल्या, मग झाकण लावलं. "टोप्यांची पेटी खराब आली असेल," ते म्हणाले. पाच घरांच्या चकतीवर आयुष्य काढलेला माणूस पाचाचा अर्थ लावत नाही, हे मला तिथेच खटकायला हवं होतं. पण मला यंत्र कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या दोन ओळी मलाही रात्रभर डोळ्यांपुढे दिसत होत्या. खोलीत एकटीने जायला मी टाळायला लागले. दांडा कुणी ओढत नसतानाही चकती एक घर पुढे सरकेल असं वाटायचं.

दोन दिवसांनी मामा भरत होते आणि मी समोर बसून डब्यांवर चिठ्ठ्या लावत होते. त्यांनी अंगठा फिरवून ठेवलेलं एक काडतूस मी सहज उचललं. नख अडकलं. टोपी वर होती, डोळे मिटूनही कळेल इतकी.

"मामासाहेब, हे वर आहे."

त्यांनी घेतलं, अंगठा फिरवला. "कुठे? ठीक आहे."

"पुन्हा बघा."

पुन्हा अंगठा फिरला. "ठीक आहे, आक्का."

त्यांनी काडतूस परत दिलं तेव्हा पितळेवर लाल ओलावा होता. मला आधी कुंकूच वाटलं. मग मी त्यांचा हात ओढून उलटा केला. अंगठ्यावर चार-पाच चिरा होत्या, काही वाळलेल्या, एक ताजी. खोळींच्या धारदार कडांनी कापलेल्या. डब्यातल्या कितीतरी काडतुसांवर फिकट तपकिरी डाग होते.

"तुम्हाला लागलंय."

"कुठे?" त्यांनी विचारलं, आणि स्वतःच्या अंगठ्याकडे दुसऱ्याचा असल्यासारखं बघितलं.

ते स्टुलावर बसले. "साखर. पायांतून सुरू झालं. उन्हाळ्यात बोटांत आलं. पाणी गरम की गार तेही कळत नाही आता."

म्हणजे इतके महिने तो अंगठा बुडांवरून फिरत होता आणि त्याला काहीच सांगत नव्हता. मामा केवळ सवयीने मान डोलावत होते. डोळ्यांचं निमित्त करून मला का बोलावलं, तेही आता कळलं.

"मामीला बोलू नका. तिला कळलं तर उद्या ही खोली बंद. नवी पेटी, नवा माणूस, परवानगीत नाव चढवायचं... चाचणी निघून जाईल. तुम्ही आहात ना इथे. आजपासून तुम्ही बोट फिरवा, मी दांडा ओढतो."

"आणि आधी भरलेले डबे?"

"ते मी बुडावर पट्टी लावून तपासतो. उजेडात. शब्द देतो."

मी हो म्हणाले. शस्त्रांविरुद्ध सभेत उभं राहून बोलणारी मी, एका म्हाताऱ्या माणसाच्या कापलेल्या अंगठ्यापुढे गप्प बसले. त्यानंतरचे चार दिवस मी प्रत्येक नव्या काडतुसावरून बोट फिरवलं, वर राहिलेली वेगळी काढली. पाचापाचाने ती येतच होती. मी मोजत होते आणि बोलत नव्हते. जुने डबे तपासून झाले का, हे मी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

चौथ्या दिवशी वारा पडला होता. थ्रेशर थांबला होता, बांधावरच्या टिटव्याही गप्प होत्या. मामेबहीण जुन्यांपैकी एक डबा उघडून, पालथी पडून नेम धरत होती, मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते, मामा मागे. तिने चाप ओढला. टिक.

मामांनी मोजायला तोंड उघडलं. इतक्या दिवसांत तिला त्या शांततेची सवय झाली होती. तिने गाल उचलला, उजवा हात बोल्टकडे गेला.

मग ते फुटलं.

मध्ये किती वेळ गेला? अर्धा श्वास. पण त्या अर्ध्या श्वासात मी तिची बोटं बोल्टच्या मुठीवर वळलेली बघितली. रायफल तिच्या सैल खांद्यावर आदळली, गोळी बांधाच्या वरच्या कडेला लागली, माती उडाली. तिला काही झालं नाही. बोल्ट अजून बंद होता, म्हणून झालं नाही. बोटं थोडी घाईत असती तर ते काडतूस तिच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर उघड्यावर फुटलं असतं.

ती तशीच पडून राहिली. मग म्हणाली, "आबा, मी काहीच केलं नाही. ते आपणच सुटलं."

मामांनी पुढे येऊन तिच्या हातातून रायफल काढून घेतली. रखवालदार हात जोडून उभा होता, कुणापुढे ते त्यालाही माहीत नसावं.

दुपारी घरी जेवायला बसलो तेव्हा मी ताटाला हात लावला नाही. "मामीसाहेब, मामांच्या अंगठ्याला काही लागत नाही. साखरेमुळे. ते काडतुसं तपासतात तेव्हा त्यांना काहीच कळत नाही. मला चार दिवस माहीत आहे."

मामीचा हात पातेल्यावर थांबला. तिने आधी मामांकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"चार दिवस," ती म्हणाली. "दुनियाभरच्या दारात कागद टाकता, आणि याच दाराला चार दिवस लागले?"

"मीच नको म्हटलं होतं," मामा म्हणाले.

"तुमचं नंतर. तुमच्याशी मी नंतर बोलते." तिने मामांचा हात ताटातून उचलला आणि चिरांवरून स्वतःचं बोट दाबत नेलं. "कळतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही गं."

मामेबहीण उठली आणि बाहेर जाऊन चपला घालायला लागली. "किल्ली द्या आबा. आत्ताच्या आत्ता बघू काय बसलंय पाचव्यावर."

आम्ही चौघं गेलो. मामांनी सांगितलं तशी तिने चकती उतरवली आणि उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली. चार घरं चकचकीत होती. येणाऱ्या-जाणाऱ्या खोळींनी घासून साफ केलेली. पाचव्या घराच्या आतल्या कोपऱ्यात एक काळपट लाल खपली होती, लाखेसारखी कडक, आणि तिच्यात रुतलेला अर्धा तांदळाचा दाणा. त्या दाण्यावर खोळ चढत होती, जागेवर कधीच पूर्ण बसत नव्हती, आणि टोपी तेवढीच वर राहत होती. इतकंच होतं ते.

मी म्हणू शकले असते की बघा. ते वाक्य तोंडापर्यंत आलंही होतं. पण मामीचा चेहरा पाहिला. मुलीच्या डोळ्याजवळ जे फुटलं ते आपल्या बोटाने लावलं होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मी ब्रशने काढते," मामेबहीण म्हणाली.

"नको. मी लावलंय." मामीने अंबाड्यातली पिन काढली, पाण्याचं बोट लावून खपली मऊ केली आणि कण कण उकरून पदराच्या टोकात घेतली. मामांकडे न बघता म्हणाली, "पुसलं नाही हं. काढून ठेवलं." मामांनी मान हलवली. ती खपली तिने कुठे टाकली मला माहीत नाही.

जुने सगळे डबे मामांनी बाद केले. त्यातले दोनच पट्टी लावून तपासले होते, हे त्यांनी स्वतः मुलीला सांगितलं. क्लबला कळवलं की आपण हे काम सोडतोय. नवा माणूस येईपर्यंत दांडा फक्त चाचणीपुरता ओढायचा, क्लबच्या सचिवांच्या देखत. त्या दोन दिवसांत भरलेल्या प्रत्येक काडतुसावरून मामेबहिणीने स्वतः अंगठा फिरवला, मग मी. दांडा ओढून झाला की मामा हात मांडीवर ठेवून बसत. टोप्या सगळ्या केसभर खाली, एकसारख्या. यंत्रावरचं भूत उतरलं होतं.

चाचणीत प्रत्येक काडतूस फुटलं, वेळेवर, एकही गप्प नाही. पण मी दुर्बिणीतून तिचा चेहरा बघत होते. चाप ओढला जायच्या किंचित आधी तिचा उजवा डोळा मिटत होता. दर वेळी. गोळ्या लक्ष्याच्या उजवीकडे खाली जात होत्या आणि तिला कळत होतं का जातायत ते. ती थांबायची, श्वास सोडायची, पुन्हा गाल टेकवायची. डोळा पुन्हा मिटायचा. यादीत तिचं नाव आलं नाही.

परतताना गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, "ताई, तू पहिल्याच दिवशी बोलली असतीस तर तो डबा मी उघडला नसता."

"नसता."

"आबांना मी माफ केलं. त्यांना कळतच नव्हतं." पुढे ती काही बोलली नाही. देवासची टेकडी दिसायला लागली तरी नाही.

मी आणखी आठवडाभर राहिले. धारला जायच्या आदल्या दिवशी तिच्याबरोबर फोटो काढायला गेले, बी.एड.च्या फॉर्मसाठी. छोटं दुकान, निळा पडदा, एक स्टूल. फोटोवाल्याने तिला ताठ बसवलं, म्हणाला, "रेडी, एक, दो," आणि बटण दाबलं. स्क्रीनवर बघितलं तर डोळे मिटलेले. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ती इतकी टक लावून बसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि बटणाच्या नेमक्या आधी पापणी खाली.

"दीदी, ये कोई बंदूक थोड़ी है," तो हसत म्हणाला. आम्ही दोघी हसलो नाही.

शेवटी त्याने कॅमेरा खाली केला, लाइट बिघडलाय असं सांगितलं, तारेशी खटपट केल्यासारखं केलं, आणि ती पडद्याकडे बघत असताना कमरेजवळूनच फोटो काढला. "हो गया," तो म्हणाला. ती स्टुलावर तशीच बसून होती, डोळे उघडे, हात घट्ट.